छाटणीचा महिना चुकला, तर वर्षभराची फुलं गेली! सोनचाफ्याचा जपानी नातेवाईक ‘स्टार मॅग्नोलिया’ कसा वाढवायचा?

फांदीवर एकही पान नाही, पण अख्खं झुडूप ताऱ्यासारख्या पांढऱ्या फुलांनी भरलेलं! इंग्लंड-अमेरिकेतल्या बागांमध्ये मार्च-एप्रिलमध्ये हमखास दिसणारं हे झुडूप म्हणजे स्टार मॅग्नोलिया. ते मूळचं जपानचं. आपला सोनचाफाही मॅग्नोलियाच, त्यामुळे नातं जवळचं. पण हौसेने लावलेलं हे झुडूप कधी कधी फुलतच नाही. असं का होतं?

कळ्या कधी धरतात?
फुलं वसंतात येत असली, तरी त्यांच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरतात. लवदार आवरणात त्या अख्खा हिवाळा काढतात. म्हणजे ऑक्टोबर ते फेब्रुवारीत छाटणी केली, की फांदीबरोबर फुलंही गेली. त्यामुळे बहर संपल्यावर लगेच, तीही वाळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्यांपुरतीच छाटणी करा. हे झुडूप हळू वाढतं, त्याला जास्त कापाकापी लागत नाही.

जागा कोणती?
उमललेली फुलं एका रात्रीच्या हिमात तपकिरी पडतात. झुडूप वाचतं, पण त्या वर्षीचा बहर जातो. थंड वाऱ्यापासून आडोसा असलेली, उन्हाची जागा निवडा. सखल भाग टाळा, कारण थंड हवा तिथेच साचते. गोठलेल्या फुलांवर सकाळचं कोवळं ऊन थेट पडलं, तर नुकसान वाढतं. म्हणून पूर्वेकडची उघडी जागाही नको.

माती आणि मुळं
किंचित आम्लधर्मी, ओल धरणारी, पण पाणी न साचणारी माती हवी. मुळं उथळ आणि मांसल असतात, त्यामुळे बुंध्याभोवती खणू नका. एकदा लावलेलं झुडूप हलवलेलंही त्याला मानवत नाही. उंची साधारण १० फुटांपर्यंत जाते, काही ठिकाणी त्याहूनही जास्त. तेवढी जागा आधीच ठेवा. मुळांवर पालापाचोळ्याचं आच्छादन करा, पण ते खोडाला चिकटू देऊ नका.

जंगलात मात्र दुर्मीळ
जगभरच्या बागांत पोहोचलेलं हे झुडूप मूळ अधिवासात मात्र धोक्यात आहे. मध्य जपानमधल्या आइची, गिफू आणि मिए या प्रांतांतल्या पाणथळ जागी ते निसर्गतः वाढतं. त्या जागाच कमी होत चालल्या आहेत.

मुंबई-पुण्यात येईल का?
नाही. त्याला हिवाळ्यात कडक थंडी लागते. इथल्या अंगणासाठी सोनचाफाच उत्तम.