ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांची विषबाधा : आरोग्यास धोके व प्रथमोपचार

प्रस्तावना :
सन २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, तर शेकडो रुग्णालयात दाखल झाले. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके अशा विषबाधेस वारंवार कारणीभूत ठरतात. प्रस्तुत लेखात या गटाचे दुष्परिणाम व प्रथमोपचार यांचा थोडक्यात विचार केला आहे.

विषाची क्रिया :
चेतासंदेश वाहून नेणाऱ्या ॲसिटिलकोलिनचे काम संपताच त्याचे विघटन करणारे एक विकर शरीरात असते. ही कीटकनाशके त्या विकरास निष्क्रिय करतात. परिणामी ॲसिटिलकोलिन साचत जाते आणि ग्रंथी व स्नायू सतत उत्तेजित राहतात. हे विष पोटातून व श्वासातूनच नव्हे, तर त्वचेतूनही शरीरात शिरते. घामाने ओले झालेले व औषधाने भिजलेले कपडे म्हणूनच घातक ठरतात.

लक्षणे :
मळमळ, उलटी, डोकेदुखी, अतिघाम, लाळ व अश्रू गळणे, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, अंधूक दिसणे आणि स्नायू फडफडणे ही प्रमुख लक्षणे होत. फुफ्फुसांत स्राव साचून व श्वसनाचे स्नायू दुर्बल होऊन मृत्यू ओढवतो.

प्रथमोपचार :
१) रुग्णास तत्काळ मोकळ्या हवेत न्यावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.
२) मदत करणाऱ्याने रबरी हातमोजे घालून रुग्णाचे कपडे काढावेत, त्वचा, केस व नखे साबण आणि भरपूर पाण्याने धुवावीत.
३) डोळे किमान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावेत.
४) विष पोटात गेले असल्यास मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. औषधातील द्रावक फुफ्फुसांत जाण्याचा धोका असतो.
५) बेशुद्ध रुग्णास कुशीवर झोपवावे, तोंडाने काहीही देऊ नये.
६) औषधाचा डबा किंवा त्यावरील माहितीपत्रक सोबत न्यावे. त्यावरून विषाचा प्रकार कळून डॉक्टरांना ॲट्रोपिन आदी उपचारांचा निर्णय लवकर घेता येतो.

समारोप :
डब्यावरील लाल त्रिकोण अतितीव्र विषाचा, पिवळा तीव्र, निळा मध्यम, तर हिरवा सौम्य विषाचा निदर्शक असतो. ग्रामीण महाविद्यालयांतील अनेक विद्यार्थी सुटीत स्वतः फवारणी करतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून प्राध्यापकांनी एवढी माहिती जरी त्यांच्यापर्यंत पोहोचविली, तरी काही प्राण निश्चितच वाचू शकतील.