‘तासांवर’ असलेली शहरे : अंतर, उड्डाणकाल आणि मजल

मुंबईहून लंडन किती लांब, या प्रश्नाला मराठीत दोन प्रकारची उत्तरे मिळतात : ‘सुमारे ७,२०० किलोमीटर’ आणि ‘नऊ-दहा तासांवर’. दोन्ही ‘अंतर’ या एकाच शब्दाखाली मोडतात. म्हणून ती परस्परांची रूपांतरे होत, असा समज सहज होतो. तो यथार्थ नाही.

पहिली संख्या पृथ्वीच्या गोलावरील दोन स्थळांमधील लघुतम रेषेची लांबी होय. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ विमान कैरो व जिनिव्हा येथे थांबत लंडनला निघाले, तेव्हाही ती एवढीच होती. उड्डाणकाल मात्र दिशेगणिक बदलतो. मध्य अक्षांशांवर सुमारे नऊ ते बारा किलोमीटर उंचीवरून वेगवान वायुस्रोत पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. हिवाळ्यात त्यांचा जोर अधिक असतो. त्यामुळे लंडनला जाण्यास दहा तासांच्या आसपास लागत असले, तर परतण्यास नऊच्या आसपास पुरतात. राजकारणही येथे शिरते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपला आकाशमार्ग बंद केला, तेव्हा दिल्लीहून युरोपकडे जाणाऱ्या भारतीय विमानांना वळसा पडला. शहरे होती तेथेच राहिली.

वेळापत्रक वाचताना आणखी एक घोटाळा संभवतो, कारण त्यातील दोन वेळा दोन निरनिराळ्या घड्याळांच्या असतात. हिवाळ्यात दुपारी एकला मुंबई सोडून दहा तास उडालेले विमान लंडनच्या साडेपाचला उतरते. प्रवास साडेचारच तासांचा भासतो. रात्री नऊला तेथून निघून नऊ तासांनी मुंबईस पोचावे, तर येथे साडेअकरा वाजलेले असतात, म्हणजे साडेचौदा तास. दोन्ही आकडे खोटे. त्यांची बेरीज मात्र बरोबर एकोणीस!

भाषेने हा भेद अगदीच पुसलेला नाही. ‘सात हजार किलोमीटर अंतर’ असे सरळ म्हणता येते. ‘दहा तास अंतर’ कानाला खटकते, तेथे ‘दहा तासांचे अंतर’ अशी षष्ठी लागते. आणि ‘मुंबई व लंडन यांत साडेपाच तासांचे अंतर’ म्हटले, की अर्थ प्रवासाचा न राहता घड्याळांचा होतो.

ऐतिहासिक कागद वाचणाऱ्यास याचे महत्त्व विशेष आहे. ‘कोस’ हा ‘क्रोश’ म्हणजे हाक यापासून आला, ‘योजन’ हे ‘युज्’ म्हणजे जुंपणे या धातूपासून. पुढे दोन्ही लांबीची मापे म्हणून रूढ झाली. अरबी ‘मंझिल’पासून आलेला ‘मजल’ हा शब्द मात्र उतरण्याच्या जागेचा आणि तेथवरच्या एका दिवसाच्या चालीचा वाचक राहिला. तरीही एका मजलेचे अमुक मैल असे कोष्टक हाती धरून मार्ग आखण्याचा मोह अनेकांस होतो. बाजारबुणगे घेऊन नदीला उतार मिळण्याची वाट पाहणाऱ्या फौजेची मजल आणि एकट्या जासुदाची मजल एका मापात कशी बसावी? पत्रात मजलांची गणना आढळली, तर नकाशावर वर्तुळ काढण्याआधी पत्राची तिथी, चालणारा कोण आणि तो कोणत्या दिशेने निघाला, हे तपासावे लागते.