पेरू मोठ्या सुट्टीतच हवा

शाळेच्या डब्यात फळ असलंच तर ते छोट्या सुट्टीसाठी वेगळ्या डबीत असतं आणि पोळी-भाजी मोठ्या सुट्टीत खाल्ली जाते. ही ताटातूट टाळायला हवी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पाच वर्षांखालच्या सुमारे ६७ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. हीच मुलं पुढे शाळेत येतात. मेथी, बाजरी, मटकीतलं लोह शरीर सहजी शोषत नाही. त्याच घासांबरोबर क जीवनसत्त्व पोटात गेलं, तर शोषण वाढतं. म्हणून मेथीच्या पराठ्याशेजारी पेरूच्या फोडी, उसळीवर लिंबू, नाहीतर कच्च्या कोबीची कोशिंबीर हवी. पेरूत तर संत्र्याहून कितीतरी जास्त क जीवनसत्त्व असतं, आणि हंगामात तो स्वस्तही मिळतो.

फोडी काळ्या पडतात, ही तक्रार खरी आहे. लिंबाचा रस चोळला की ते बरंच थांबतं. मुलं डबा तसाच परत आणतात, ही अडचण अधिक खरी. पण नवी चव रुळायला आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा ती समोर यावी लागते. तोवर दोनच फोडी द्याव्यात, पण नेमाने.