शब्दांची बिऱ्हाडं : बोर्ड

गेल्या आठवड्यात ‘बँक’चा माग काढत आपण इटलीतल्या सराफांच्या बाकड्यापर्यंत पोहोचलो होतो. ‘बोर्ड’ही सुतारकामातलाच. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ फळी. दुकानावरचा बोर्ड, शाळेतला, कॅरमचा, यांत ती फळी सरळच दिसते. पण दहावीचं बोर्ड आणि बोर्डिंगातलं जेवण यांचं काय?

मध्ययुगीन इंग्लंडात जेवणाचं टेबल म्हणजे दोन टेकूंवर टाकलेल्या लांब फळ्या असायच्या. जेवणं उरकली की उचलून बाजूला ठेवायच्या. त्यामुळे टेबलालाच बोर्ड म्हणू लागले आणि हळूहळू टेबलावरच्या अन्नालाही. ‘बोर्डिंग’ म्हणजे काटेकोर अर्थाने जेवणाची सोय. राहण्याची सोय ती ‘लॉजिंग’. हायवेवर ‘लॉजिंग-बोर्डिंग’ अशी पाटी रंगवणारा पेंटर त्यामुळे अगदी बरोबर असतो. आपण मात्र बोर्डिंगमध्ये राहणंही धरलं. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, 1901 मध्ये, कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं. मग जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकेका समाजाच्या मुलांसाठी बोर्डिंगं निघत गेली. कर्मवीर भाऊराव पाटील जैन बोर्डिंगात राहून शिकले आणि पुढे साताऱ्यात त्यांनी शाहू बोर्डिंग काढलं. खेड्यातल्या मुलाची शिक्षणातली खरी अडचण दोन वेळच्या जेवणाची होती. तेव्हा शब्दाचा मूळ अर्थ इथेही सुटलेला नाही.

जेवायच्या टेबलाभोवती मग कामकाजही होऊ लागलं, आणि भोवती बसणाऱ्या माणसांनाच बोर्ड हे नाव पडलं. ‘अबव्ह बोर्ड’, म्हणजे सगळं उघड, हा वाक्प्रचारही टेबलाचाच : पत्ते खेळताना हात टेबलाच्या वर दिसले पाहिजेत, खाली अदलाबदल नको. इंग्रजी अमदानीत हे बोर्ड आपल्याकडे आलं ते लोकल बोर्ड, स्कूल बोर्ड, कॅन्टोन्मेंट बोर्ड अशा रूपांत. 1 मे 1962 रोजी राज्यात जिल्हा परिषदा आल्या आणि जिल्हा लोकल बोर्डं गेली. 1 जानेवारी 1966 रोजी दहावीचं बोर्ड स्थापन झालं. त्याच्या अधिकृत नावात ‘मंडळ’ आहे. इंग्रजांचं लक्ष मधल्या फळीकडे गेलं, आपलं भोवतालच्या वर्तुळाकडे. मला आपला शब्द उजवा वाटतो. पण ‘यंदा मुलाचं मंडळ आहे’ असं कोणी म्हणत नाही, आणि म्हटलं तर ऐकणाऱ्याला आधी गणपतीच आठवतील.

विमानात चढताना लागणाऱ्या बोर्डिंग पासचा मात्र या टेबलाशी संबंध नाही. त्याच उच्चाराचा दुसरा एक जुना शब्द होता, अर्थ कड, जहाजाची बाजू. दोन्ही शब्द फार पूर्वीच एकमेकांत मिसळून गेले. ‘बॉर्डर’ हा या दुसऱ्याचा फ्रेंचमार्गे आलेला भाऊबंद. ‘ओव्हरबोर्ड’ म्हणजे जहाजाच्या कडेवरून पाण्यात. जुन्या जहाजांचं सुकाणूचं वल्हं उजव्या बाजूला असे, म्हणून ती बाजू ‘स्टारबोर्ड’. त्यात तारा नाही, ‘स्टिअर’ आहे. डावी ‘लारबोर्ड’. वादळात ओरडून दिलेल्या हुकमात हे दोन शब्द सारखेच ऐकू यायचे, त्यामुळे ब्रिटिश नौदलाने 1844 मध्ये डाव्या बाजूला ‘पोर्ट’ म्हणण्याचा आदेश काढला. विमानांनी ही सगळी भाषा जहाजांकडून उचलली. डाव्या पंखाच्या टोकाला लाल दिवा, उजव्या पंखाला हिरवा, हेही तिथूनच आलं. प्रवासी बहुधा डाव्या बाजूने चढतात, बंदरात चढायचे तसेच.

एक बोर्ड राहिलं. ‘डॅश’चा एक अर्थ चिखलपाणी उडणं. घोड्याच्या टापांनी उडालेला चिखल गाडीवानाच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे लावलेली फळी ती ‘डॅशबोर्ड’. मोटार आली, घोडा गेला, तरी नाव तिथेच राहिलं आणि त्या जागेवर काटे नि दिवे बसले. आता तर स्क्रीनवर आकडे आणि आलेख मांडणाऱ्या पानालाही डॅशबोर्ड म्हणतात. त्यात ना फळी, ना चिखल.

पुढच्या आठवड्यात ‘चार्ज’ : मोबाइलची बॅटरी, वकिलाची फी आणि घोडदळाचा हल्ला, तिन्ही एकाच मालगाड्यातून आले आहेत.