तळावरची हॉकी

क्रीडा पुरवणीच्या संपादकांनी पाण्याखालच्या हॉकीच्या जागतिक स्पर्धेवर लिहायला सांगितलं, म्हणून सामन्यांची चित्रणं पाहायला बसलो. काठावरच्या कॅमेऱ्यात दिसतं ते खळबळणारं पाणी, मधूनच वर येणाऱ्या टोप्या आणि स्नॉर्केलची टोकं. खरा खेळ दोन ते चार मीटर खाली, तलावाच्या फरशीवर रंगलेला असतो.

इतिहास थोडक्यात असा. इंग्लंडमध्ये पोर्ट्समथच्या साउथसी भागातल्या पाणबुड्यांच्या क्लबात १९५४ साली अ‍ॅलन ब्लेक यांनी हा खेळ सुरू केला. हिवाळ्यात समुद्र गारठला की सभासद क्लबाकडे फिरकेनासे होत. ते टिकावेत हा उद्देश. नाव ठेवलं 'ऑक्टोपुश'. पहिल्या जागतिक स्पर्धेचा १९७९ चा बेत वर्णभेदाच्या राजकारणात फसला आणि १९८० साली ती कॅनडातल्या व्हँकुव्हरला झाली.

मला गुंतवून ठेवलं ते चेंडूच्या जागी असणाऱ्या चकतीनं. आत शिसं, वर प्लास्टिकचं आवरण, वजन सव्वा किलोच्या पुढेमागे. ती तरंगत नाही, आपणहून तळ सोडत नाही. म्हणून खेळाडूलाच तिच्यापाशी जावं लागतं. हातात जेमतेम फूटभराची काठी, फरशीवर बोटं सोलपटू नयेत म्हणून जाड मोजा. मनगटाचा नेमका झटका बसला की हीच जड चकती तळावरून उचलली जाते आणि समोरच्याच्या काठीवरून पलीकडे पडते. सव्वा किलो शिसं पाण्यात असं उडताना पाहिलं की त्या मनगटामागची वर्षानुवर्षांची मेहनत कळते.

चकती खाली आणि हवा वर, या पेचातूनच सारा डाव घडतो. प्रत्येक संघाचे सहा जण पाण्यात असतात, बदली खेळाडू काठावर. पाठीवर हवेची टाकी नाही. जोर लावून खेळताना बुडी काही सेकंदांचीच. चकती कितीही छान ताब्यात असली तरी दम संपायच्या आत ती सोपवावी लागते, आणि ती घ्यायला सोबती आधीच खाली पोचलेला असावा लागतो. तो उशिरा आला तर चकती गेली. एकट्याच्या कौशल्यावर सामना ओढून नेण्याची सोयच या खेळात नाही. चांगला संघ ओळखायचा तो वर श्वास घेणाऱ्यांवरून: कोण कधी वर येतो आणि कोण त्याच वेळी बुडी मारतो.

पण हे सगळं प्रेक्षकांना दिसतच नाही. पंचांनाही मास्क लावून पाण्यात उतरावं लागतं. मुख्य पंच काठावरून सूत्रं हलवतो. पाण्याखाली कॅमेरे लावून पडद्यावर सामना दाखवता येतो, पण त्याला पैसा लागतो. प्रेक्षक नाहीत म्हणून प्रायोजक नाहीत, आणि प्रायोजक नाहीत म्हणून कॅमेरे पुरेसे नाहीत. देशाची टोपी घालून उतरणारे बहुतेक खेळाडू नोकरीतून रजा काढून, पदरमोड करून स्पर्धेला जातात. फिलिपीन्समध्ये २०१९ च्या आग्नेय आशियाई स्पर्धांत या हॉकीला पदकं मिळाली. ऑलिंपिकचं दार मात्र बंदच आहे.

खेळाची गुणवत्ता प्रेक्षकसंख्येवर मोजणं मला अन्यायाचं वाटतं. वाचकांनी एक करावं: जागतिक स्पर्धेतल्या एखाद्या अंतिम सामन्याचं पाण्याखालचं चित्रण शोधून पूर्ण पाहावं. या खेळाला आज सर्वांत जास्त गरज पाहणाऱ्यांची आहे.