लळिंगचा उतार आणि गाडीचं ॲव्हरेज

मालेगावहून धुळ्यामार्गे शिंदखेड्याकडे जाताना लळिंगच्या उतारावर इंधन वाचावं म्हणून काही जण गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. कार्ब्युरेटरच्या काळातली ही सवय आता उलटी पडते. इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की इंधनाचा पुरवठा जवळपास थांबतो; चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन जळतच राहतं. शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो आणि तापलेले ब्रेक घाटात दगा देतात. ही सवय सोडाच.

मुंबई-आग्रा महामार्गावर खरा खर्च वेगाचा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १०० वरून ८० किलोमीटरवर आलात, तर तो सुमारे ३६ टक्क्यांनी घटतो.

टायरची हवा गाडी थंड असतानाच तपासा. खानदेशातल्या मे महिन्यात, लांब पल्ला मारून आलेल्या टायरचा दाब जास्त दिसतो. तो पाहून हवा काढली, तर टायर आणखी तापतो, फुटूही शकतो. योग्य आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असतो. धुळीच्या कच्च्या रस्त्यांवर फिरणाऱ्यांनी एअर फिल्टर मुदतीआधीच उघडून पाहावा.