लंपी रोग : दुधाची भीती व बैलांची हानी

गुरांच्या रोगांविषयी आमच्या लोकांत एक विलक्षण प्रकार आढळतो. जेथे भिण्याचे कारण नाही तेथे लोक भितात, आणि जेथे खरोखर भ्यावयास हवे तेथे निर्धास्त असतात. २०२२ साली लंपी नामक चर्मरोगाने महाराष्ट्रभर गुरे पछाडली, तेव्हा हा प्रकार ठळकपणे दिसून आला. गाईच्या अंगावरील गाठी पाहून कित्येकांनी दूध घेण्याचे सोडले, व दुधाच्या चार पैशांवर मीठमिरची चालविणाऱ्या गोपालकाचे त्यात नाहक नुकसान झाले. परंतु गाभण गाईने अवेळी गाभ टाकला असता तिची वार उघड्या हाताने ओढून उकिरड्यावर फेकण्यात, किंवा तिचेच धारोष्ण दूध मुलांस पाजण्यात, कोणास काही वावगे वाटत नाही. यास्तव या रोगाचे खरे स्वरूप काय, त्यापासून अन्नास कितपत बाध येतो, आणि शेतीची हानी नेमकी कोठे होते, हे वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

हा रोग आमच्या देशात जुना नव्हे. आफ्रिकेतील झांबिया देशात १९२९ साली तो प्रथम नोंदला गेला. आमच्या देशात त्याचे पाऊल २०१९ साली ओडिशात पडले, आणि महाराष्ट्रात तो प्रथम दिसला तो २०२० साली गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा तालुक्यात. पश्चिमेकडील वाचकांस ही गोष्ट बहुधा ठाऊक नसते. राज्याच्या या टोकाला काय घडते ते तिकडे उशिराच कळते. आमच्या बल्लारपुरावरून वाहणारी वर्धा पुढे वैनगंगेस मिळून प्राणहिता होते व सिरोंचाजवळ गोदावरीत शिरते. या पाण्याच्या पलीकडे पुष्कळ ठिकाणी तेलंगण आहे. आमच्या समोरचा राजुऱ्याचा मुलूख तर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच मोडत होता. नातीगोती, बैलांची खरेदीविक्री, चराई, हे सर्व व्यवहार सरहद्दीवरून पूर्वापार चालत आले आहेत. मनुष्यास नदी उतरण्यास पूल किंवा नाव लागते; चावऱ्या माशीस तेही लागत नाही.

पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यात चिनावल येथे रोग पुन्हा उठला व पाहता पाहता राज्यभर पसरला. सप्टेंबरात २००९ च्या केंद्रीय कायद्यान्वये सबंध राज्य नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर होऊन गुरांचे बाजार, शर्यती, प्रदर्शने व गोवंशाची नेआण बंद करण्यात आली. त्या वर्षी देशात दीड लाखांहून अधिक जनावरे या रोगाने दगावली. राजस्थानात सर्वाधिक हानी झाली.

रोगाचे कारण एक विषाणू आहे. शेळ्यांच्या व मेंढ्यांच्या देवी ज्या विषाणूंमुळे होतात त्यांचाच हा भाऊबंद; मात्र शेळीमेंढीस हा होत नाही. गाय, बैल व वासरे हे त्याचे भक्ष्य. म्हशीस तो क्वचित होतो. डास, गोठ्यातील चावऱ्या माशा व गोचिडे यांच्या द्वारे तो एका जनावरापासून दुसऱ्याकडे जातो. बाधित जनावराची लाळ, नाकातील स्राव आणि खपल्या यांतही विषाणू असतो, व वाळलेल्या खपलीत तो महिनाभरही टिकतो. प्रथम ताप भरतो, डोळ्यांतून व नाकातून पाणी गळते, खांद्यापुढील व मांडीपुढील गाठी सुजतात, जनावर चारा टाकते. मग डोके, मान, पाठ, कास यांवर घट्ट, वाटोळ्या, सुपारीएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गाठी उठतात. पायांस व पोळीस सूज येऊन कित्येक जनावरे लंगडतात. शंभर बाधित जनावरांपैकी सामान्यतः एक ते पाच मरतात. वासरांत व अशक्त गुरांत हे प्रमाण वाढते. बाकीची बरी होतात, हे खरे. परंतु बरी होणे आणि कामास येणे यांत किती अंतर आहे ते पुढे पाहू.

आता दुधाविषयी. लंपी हा रोग मनुष्यास होत नाही. दुधातून होत नाही, स्पर्शातून होत नाही, शेणातूनही होत नाही. उकळलेल्या दुधास तर या रोगापुरती भीती मुळीच नाही. तरीही दूध उकळूनच घ्यावे असे आम्ही म्हणतो त्याचे कारण निराळे आहे. गाईचा क्षय आणि ब्रुसेलोसिस, म्हणजे सांसर्गिक गर्भपात, हे दोन रोग कच्च्या दुधातून मनुष्याच्या अंगी येतात. दुसऱ्या रोगात गाय वरून धडधाकट दिसते; फक्त पाचव्या महिन्यानंतर गाभ टाकते. मनुष्यास मात्र चढउतार होणारा ताप, रात्रीचा घाम व सांधेदुखी महिनोगणती छळते, आणि कित्येकदा हिवतापाच्या गोळ्या खाण्यात वेळ जातो. दूध ६३ अंशांवर अर्धा तास किंवा ७२ अंशांवर पंधरा सेकंद तापविले तरी हे जंतू मरतात. घरी एक चांगली उकळी आणली म्हणजे काम झाले. गाभ टाकलेल्या गाईची वार व मृत गर्भ हातात रबरी मोजे घालून उचलावा, चुना टाकून पुरावा, व कुत्र्यांस मिळू देऊ नये. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींस या रोगाची लस आयुष्यात एकदा टोचावी लागते, आणि २०१९ पासून राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती सरकारमार्फत दिली जाते. गाठी दिसल्याबरोबर दूध ओतून देणारे किती जण ही लस टोचून घेतात, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

लंपीच्या प्रसंगी दुधास खरा धोका आला तो औषधांच्या वाटेने. गाठी फुटून जखमा चिघळू नयेत म्हणून जनावरांस प्रतिजैविकांच्या सुया टोचतात. ते औषध काही दिवस दुधात उतरते व उकळल्याने जात नाही. अशा औषधाच्या वेष्टनावर किती दिवस दूध वापरू नये हे छापलेले असते. छापलेले नसल्यास नियमाप्रमाणे दुधासाठी किमान सात दिवस व मांसासाठी किमान अठ्ठावीस दिवस धरावयाचे असतात. गावोगाव फिरून सुई टोचणारा मनुष्य हे सांगत नाही, आणि शेतकरी विचारीत नाही. या दिवसांतील दूध घरातही ठेवू नये व डेअरीतही घालू नये.

कोंबड्यांचेही असेच आहे. जानेवारी २०२५ मध्ये आमच्याच जिल्ह्यात, ब्रह्मपुरी तालुक्यातील मांगली येथे, बर्ड फ्लू निघाला तेव्हा अंडी व कोंबडी खाण्याची लोकांनी धास्ती घेतली. नीट शिजविलेल्या मांसाने वा अंड्याने तो रोग होत नाही. धोका असतो तो आजारी व मेलेले पक्षी हाताळण्यात आणि स्वस्त मिळाली म्हणून मरतुकडी कोंबडी घरी आणून सोलण्यात.

शेतीची हानी कोठे झाली म्हणाल, तर ती बैलांच्या खांद्यावर झाली. आमच्या जिल्ह्याच्या पूर्वेकडे, मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी या भागांत, धान हेच पीक. मृगात पऱ्हे टाकावे, आषाढ-श्रावणात बांधीत पाणी साचले की चिखलणी करून रोवणी उरकावी. हे काम पंधरा दिवस मागे पडले तर उत्पन्न घटते. पश्चिमेकडे राजुरा, कोरपना, वरोरा येथे पऱ्हाटी व सोयाबीन. तेथे डवरणीस बैल हवा. हा रोग पसरतो तो माशा-डासांच्या हंगामात, म्हणजे नेमका पावसाळ्यात व त्यानंतर. बैलाच्या मानेवर व वशिंडाजवळ गाठी आल्या म्हणजे जू ठेवता येत नाही. पाय सुजले म्हणजे चिखलात उतरविता येत नाही. गाठी जिरल्यावरही जनावर कित्येक आठवडे, कधी महिने, अशक्त राहते. हंगाम तितका थांबत नाही. ज्याची एकच जोडी आहे त्याचा एक बैल बसला की दुसराही बसल्यासारखाच. मग भाड्याचा ट्रॅक्टर पाहावा, तर सर्वांस तो एकाच आठवड्यात हवा असतो, आणि लहानशा बांधीत तो फिरतही नाही. मेलेल्या जनावरांचे आकडे सरकारी तक्त्यात येतात. न चाललेल्या वखराचा व उशिरा झालेल्या रोवणीचा आकडा कोठेच येत नाही. आमच्या मते या रोगाचा खरा हिशेब तोच आहे.

मेलेल्या जनावराची विल्हेवाट हा विषय नाजूक असला तरी टाळता येत नाही. लंपीने मेलेले जनावर नाल्यात वा उघड्या रानात न टाकता सहा ते आठ फूट खोल खड्ड्यात चुना घालून पुरावे, अंगावरील दावे व झूलही त्यातच टाकावी. आणि एक लक्षण विशेष ध्यानात धरावे. जनावर अकस्मात मरून पोट फुगले, व नाक, तोंड, गुदद्वार यांतून काळसर न गोठणारे रक्त वाहू लागले, तर तो फाशी रोग समजावा. असे जनावर कधीही फाडू नये, सोलू नये, त्याचे मांस खाऊ नये. फाडल्याने त्याचे जंतू हवेशी संबंध येऊन बीजरूप धारण करतात, मातीत दशकानुदशके जगतात, आणि मनुष्यास काळपुळी होऊन प्राणावर बेतते. आम्ही महसूल खात्यात कारकुनी केली असल्याने एक गोष्ट सांगतो : विदर्भातील गावांच्या निस्तारपत्रकात गावचराई, सरपण यांबरोबर गावाच्या सामाईक गरजांच्या जागाही नमूद करण्याची पद्धत आहे, आणि १९६६ च्या जमीन महसूल कायद्यात कातडी सोलण्याच्या जागेसाठी जमीन राखून ठेवण्याची स्पष्ट तरतूद आहे. आपल्या गावचे निस्तारपत्रक तलाठ्याकडे जाऊन पाहावे. पुष्कळ ठिकाणी ती जागा अतिक्रमणात गेलेली आढळेल.

गिधाडांचाही येथे संबंध येतो. गडचिरोलीच्या रानात ही पाखरे अद्याप टिकून आहेत. ताप उतरावा म्हणून डायक्लोफिनॅक टोचलेले जनावर मेल्यावर गिधाडांनी खाल्ले तर ती मूत्रपिंड बिघडून मरतात. म्हणून गुरांसाठी ते औषध २००६ पासून वर्ज्य आहे, व २०२३ पासून किटोप्रोफेन आणि ॲसेक्लोफिनॅक ही दोनही वर्ज्य आहेत. मेलॉक्झिकॅम मागावे.

नुकसानभरपाईविषयी थोडे विस्ताराने सांगणे प्राप्त आहे. २०२२ च्या साथीत राज्य सरकारने दगावलेल्या गाईस ३० हजार, बैलास २५ हजार व वासरास १६ हजार रुपये दिले. ज्यांस मिळाले त्यांस मिळाले. ज्यांस मिळाले नाही त्यांच्यापैकी अनेकांची चूक एवढीच की त्यांनी जनावर आधी पुरले व वर्दी मागाहून दिली. जमिनीस सातबारा असतो, गुरास नसतो. जनावर आपलेच होते, ते या रोगानेच मेले, आणि अमुक दिवशी मेले, या तीन गोष्टी कागदावर याव्या लागतात. त्याकरिता कानातील बारा आकडी बिल्ला हाच गुराचा सातबारा समजावा. १ जून २०२४ पासून बिल्ल्यावाचून गुरांची खरेदीविक्री व सरकारी दवाखान्याची सेवा, तसेच भरपाई, मिळणार नाही असा राज्याचा हुकूम आहे. बैल विकत घेतल्यावर बिल्ल्यावरील नाव आपल्याकडे वळवून घ्यावे. फेरफार न केलेली जमीन आणि पूर्वीच्या धन्याच्या नावाचा बैल, यांची गत सारखीच. जनावर मरताच पशुवैद्यकास कळवावे, बिल्ल्यासह छायाचित्र काढून ठेवावे, पंचनामा झाल्यावरच पुरावे, व पंचनाम्याची नक्कल त्याच दिवशी मागावी. चार दिवसांनी मागितलेली नक्कल चार महिन्यांनी मिळते, हे आम्ही टेबलाच्या अलीकडून पाहिले आहे आणि निवृत्त झाल्यावर पलीकडूनही.

राहिला प्रतिबंध. या रोगाचे औषध नाही. चाललेले उपचार तापावर व जखमांवर असतात. नागवेलीची पाने, मिरे, मीठ व गूळ यांचे चाटण राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने सुचविले आहे, त्यास आमची हरकत नाही. परंतु लस टाळून चाटणावर विसंबणे घातक होय. शेळ्यांच्या देवीची लस या रोगास आवर घालते असे दिसून आल्यामुळे २०२२ मध्ये राज्यातील सुमारे १ कोटी ४० लाख गोवंशास तीच मोफत टोचण्यात आली. हिसार व इज्जतनगर येथील संस्थांनी खास या रोगाची देशी लसही ऑगस्ट २०२२ मध्ये पुढे आणली. टोचल्यावर जनावराच्या अंगी बळ येण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. शेजारच्या गोठ्यात गाठी दिसल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही तो यामुळेच.

लसीने काय साधते याचे उदाहरण आमच्या वडीलधाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलेले आहे. बुळकांडीने एके काळी गावेच्या गावे गुरांवाचून ओस पडत. तिच्यासाठी १८८९ साली पुण्यास प्रयोगशाळा निघाली, ती पुढे हिमालयात मुक्तेश्वरास गेली. तेथेच शेळीच्या अंगावर वाढविलेल्या विषाणूची लस सिद्ध झाली. गावोगाव टोचणी चालू राहिली, २००६ साली आपला देश व २०११ साली सर्व जग त्या रोगातून मुक्त झाले. आज तरुण शेतकऱ्यास तिचे नावही शिवीतच तेवढे ऐकू येते.

लंपीची टोचणी रोहिण्या निघण्यापूर्वी, म्हणजे मे महिन्याच्या पूर्वार्धात, उरकावी, म्हणजे मृगाच्या माशा उठण्यापूर्वी बैल सुरक्षित होतो. चार महिन्यांवरील वासरे गाळू नयेत. गोठ्यातील मूत वाहते ठेवावे, उकिरडा गोठ्यापासून लांब न्यावा, सायंकाळी निंबाच्या पाल्याचा धूर करावा, गोचिडांचा बंदोबस्त करावा. नवे विकत आणलेले जनावर चार आठवडे वेगळे बांधावे व तोवर आखरावर सोडू नये. गाठ दिसताच १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. त्यास पैसे पडत नाहीत.